वरचा कप्पा काही रिकामा होईना

बाबांनी कपाटाच्या वरच्या कप्प्याला टेप लावली, चष्मा कपाळावर सरकवून आकडा पाहिला आणि टेप सर्रकन आत जाऊ दिली.

"गेल्या रविवारी होता तेवढाच माल आहे," ते म्हणाले. "मग आठवडाभर वाचलंस काय?"

धाकटी पलंगावर मांडी घालून बसली होती. तिने निश्चिंतपणे सांगितलं की तो समुद्रप्रवासाचा ठोकळा संपवला, खालच्या कप्प्यात ठेवलाय, बघून घ्या. बाबा गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. खालच्या कप्प्यात समुद्रप्रवास नव्हता. तो वरच्या कप्प्यात होता, दोन पुस्तकांच्या मधोमध, अंग चोरून बसल्यासारखा. बाबांनी पुस्तकाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि नुसतं "हं" म्हटलं. या घरात बाबांच्या "हं"ला सगळे घाबरत. बोलले तर वाद घालता यायचा.

बाबांनी सगळी नोकरी एका मोठ्या गोदामात साठा सांभाळण्यात काढली होती. निवृत्त झाले तेव्हा गोदामाने त्यांना सोडलं, पण त्यांनी काही गोदामाला सोडलं नाही. घरात साबणाची वडी लवकर झिजली तरी चौकशी व्हायची. संशय घेणं हा त्यांच्या मते स्वभावाचा दोष नव्हता, ती कामाची पद्धत होती. "माल आपोआप वाढत नाही आणि आपोआप घटत नाही," असं ते जेवताना सांगत. "दोन्हीच्या मागे माणूस असतो. तो शोधायचा."

धाकटीच्या पुस्तकांचा माल मात्र बरीच वर्षं नुसता वाढतच होता. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांना अक्षरांच्या पाटीसमोर बसवून "आता दिसतंय? आणि आता?" असं विचारायचं, आणि सुटल्यावर परतीच्या वाटेवरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरायचं. नवं पुस्तक आणलं की ती त्याचा वास घ्यायची, पहिल्या पानावर नाव घालायची, चार पानं वाचायची आणि कपाटात ठेवायची. मग कपाटातलं ते पुस्तक पाहून तिला इतका आनंद व्हायचा की त्या आनंदात ती दुसरं घेऊन यायची. कपाट बुटकं पण भिंतभर रुंद, दोनच कप्प्यांचं. दोन्ही कप्पे निम्म्याहून अधिक भरले होते आणि त्यांतली बहुतेक पुस्तकं चार पानांपुढे गेलेली नव्हती.

शेवटी तिची तिलाच लाज वाटली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तिने जाहीर करून टाकलं: या वर्षी नवीन एकही पुस्तक घेणार नाही, घरात आहेत ती सगळी वाचून संपवणार. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा तिने हे सांगितलं. कुणी पाटीवरची खालची ओळ वाचू शकलं नाही की ती म्हणायची, "मलाही अजून पुष्कळ वाचायचंय."

ही गोष्ट घरातल्या घरात गोडीगुलाबीने पार पडली असती, पण मध्ये दादा आला. दादा इमारतींचे नकाशे काढायचा आणि घरूनच काम करायचा. घरातली सगळ्यात चांगली खिडकी धाकटीच्या खोलीत होती आणि तिच्या खाली हे कपाट ठाण मांडून बसलं होतं. दादाला तिथे नकाशाचं टेबल हवं होतं. त्याने बहिणीला काही म्हटलं नाही. तो बाबांच्या शेजारी जेवायला बसला आणि म्हणाला, "न वाचलेलं पुस्तक म्हणजे काय हो बाबा? पडून असलेला मालच की."

'पडून' हा शब्द बाबांना सहन होत नसे. त्यांनी हात धुवायच्या आतच कायदा केला. घरातली जी पुस्तकं न वाचता पडून आहेत ती वरच्या कप्प्यात. वाचून झालं की खाली. दर रविवारी तपासणी. वर्षाच्या शेवटी वरचा कप्पा रिकामा असेल तर कपाट जागेवर राहील. नसेल तर कपाट पुस्तकांसकट विकायचं आणि खिडकी दादाची. आईने भांडी उचलता उचलता मध्येच काहीतरी विचारलं. बाबा दादाशी बोलण्यात रंगले होते. "घरातला माल आहे, घरानेच संपवायला हवा," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला आणि पुन्हा दादाकडे वळले.

तपासणीत पुस्तकं मोजायला बाबांचा विरोध होता. गोदामात कोण एकेक पोतं मोजत बसतं? थप्पी मोजायची. म्हणून ते टेप लावत. एखादं जाडजूड पुस्तक खाली गेलं की चांगलं बोटभर वाचन जमा व्हायचं, कवितांचं पुस्तक मात्र टेपेवर दिसतसुद्धा नसे. धाकटी हिशेबाला पक्की बापाची लेक होती. तिने कविता मागे ठेवल्या आणि ठोकळे पुढे घेतले. बसच्या रांगेत, दुकानात काच घासायचं यंत्र फिरत असताना, केस वाळवताना ती वाचायला लागली. पहिले काही रविवार झकास गेले. एकदा तर बाबा कौतुकाने म्हणाले, "या आठवड्यात वीतभर वाचलंस." मुलीच्या वाचनाचं इतकं नेमकं कौतुक फार थोड्या बापांनी केलं असेल.

आणि मग तो समुद्रप्रवासाचा रविवार आला. त्यानंतर वरचा कप्पा घटेनासाच झाला. धाकटी एक पुस्तक खाली ठेवायची आणि आठवड्याच्या शेवटी टेप तिथल्या तिथे. कधीकधी तर माल थोडा वाढलेलाच असायचा.

बाबांच्या डोक्यात एकच विचार आला. माल वाढतोय, म्हणजे नवा माल येतोय. मुलगी चोरून पुस्तकं आणतेय. धाकटी कामावरून आली की ते दार उघडायला स्वतः जाऊ लागले. तिची पिशवी हातातून घ्यायचे, आणि "दे, दमली असशील," असं प्रेमाने म्हणत ती वजन केल्यासारखी वरखाली करून बघायचे. एकदा पिशवीत पुस्तकाच्या आकाराचं काहीतरी लागलं. बाबांनी आत हात घातला तर चष्म्याच्या काड्यांचा नमुना दाखवायचा खोका निघाला. तो परत ठेवताना ते म्हणाले, "तसं नव्हतं माझं." मग कसं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

धाकटीला आणखी एक गोष्ट कळून चुकली होती. वर येणारी पुस्तकं नवी नव्हतीच. तिने वाचून खाली ठेवलेलीच पुस्तकं वर चढत होती. पण हे बाबांना सांगायची सोय नव्हती. ते म्हणाले असते की वाचलीच नसतील, म्हणून वर आहेत. मग उरला एकच माणूस, ज्याला खिडकी हवी होती. एका सकाळी तिने दादाला तिच्या खोलीत गाठलं. तो पट्टी घेऊन खिडकीची रुंदी मोजत होता.

"सापडलास," ती म्हणाली.

"मी खिडकी मोजतोय. पुस्तकांना हातही लावला नाही."

"मग आत्तापासून खिडकी कशाला मोजतोयस? वर्ष संपलंय का?"

दादाने पट्टी पाठीमागे घेतली. घाई कसली होती ते पुढच्याच आठवड्यात कळलं. दोन हमालांनी नकाशाचं भलंमोठं टेबल जिन्यावरून वर आणलं. दादाला निकालाची इतकी खात्री होती की त्याने टेबल आधीच सांगून ठेवलं होतं. आता ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते बोळात आलं, आईच्या शिवणाच्या मशीनशेजारी. तिथून पुढे घरातली माणसं पोट आत घेऊन ये-जा करू लागली. धाकटी दर वेळी तिथून जाताना म्हणायची, "चोराचा पुरावा एवढा मोठा मी पहिल्यांदाच बघतेय." दादा शपथा घेऊन थकला. शेवटी त्याने उलट तिच्यावरच आरोप केला, की तीच पुस्तकं वर नेते आणि त्याचं नाव बदनाम करते, म्हणजे उद्या हरली तरी दोष त्याचा. बाबांना ही शक्यता फारच आवडली. त्यांनी दोघांवरही लक्ष ठेवायचं ठरवलं.

तपासाला रीतसर सुरुवात झाली. बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून हिरव्या दोऱ्याचे तुकडे घेतले आणि खालच्या कप्प्यातल्या निवडक पुस्तकांत एकेक, ठरावीक पानात, अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा ठेवून दिला. गोदामात ही त्यांची हातखंडा युक्ती होती. पुस्तक कुणी उघडलं तर दोरा पडणार किंवा सरकणार, हलवण्यापुरतं हलवलं तर तो जागेवर राहणार. पुढच्या रविवारी त्यांतली दोन पुस्तकं वर सापडली. बाबांनी श्वास रोखून ती उघडली. दोरा त्याच पानात, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"म्हणजे पुस्तक उघडलंच नाही," बाबा म्हणाले. "कुणीतरी नुसतं उचलून वर ठेवतंय. वाचायचा संबंधच नाही. हा माणूस वाचणारा नाही." हे म्हणताना त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने आयुष्यात नकाशाखेरीज काही वाचलं नव्हतं, हे सगळ्या घराला माहीत होतं. आज प्रथमच त्याला त्याचं वाईट वाटलं.

मग बाबांनी कपाटासमोर फरशीवर अंगाला लावायची पावडर पसरली. पावलांचे ठसे उमटतील आणि पावलाच्या मापावरून माणूस सापडेल, असा बेत होता. दादाचं पाऊल मोठं, धाकटीचं लहान. सकाळी ते तपासायला गेले तर फरशी आरशासारखी लख्ख. आई केरसुणी घेऊन दारात उभी होती. कुणीतरी पावडर सांडली होती आणि उचलायचीही तसदी घेतली नव्हती, अशी तिची तक्रार होती. बाबांनी दोष धाकटीवर ढकलला. धाकटी कामाला निघाली होती, तिला ते कळलंही नाही.

शेवटी बाबांनी कपाटाच्या सरकत्या काचांना कुलूप घातलं. किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात. धाकटीने वाचायला पुस्तक मागितलं की ते स्वतः कुलूप उघडायचे, परत आणून दिलं की स्वतःच्या हाताने खाली ठेवायचे आणि कुलूप ओढून बघायचे. तीन वेळा ओढायचे. एवढं करूनही पुस्तकं वर चढतच राहिली. कुलूप शाबूत, किल्ली खिशात, आणि माल जागा सोडतोय. बाबांच्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. दुपारचे ते कपाटासमोर खुर्ची टाकून पहाऱ्यालाही बसू लागले. झोपत नाही, नुसते डोळे मिटतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

या सगळ्या चौकशीत त्यांनी घरातल्या प्रत्येकाला विचारलं होतं, इस्त्रीवाल्यालाही विचारलं होतं. आईला विचारायचं काही कारणच नव्हतं. ती बोळात मशीन चालवायची, शेजारपाजारच्यांचे कपडे शिवायची, स्वयंपाक, धुणं, केर करायची. तिला वाचताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. एकदाच, जेवताना बाबा "मुलगी नवी पुस्तकं आणतेय" असं म्हणाले तेव्हा ती म्हणाली होती, "नवी नाहीत ती." कुणी लक्ष दिलं नाही. धाकटीला वाटलं, आई आपली बाजू घेतेय. तिने आईकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा दादाकडे बघू लागली.

तेवढ्यात धाकटीच्या मनात दुसराच एक किडा शिरला, आणि हा जास्त वळवळणारा होता. दोन बहिणींची एक कादंबरी तिला वर दिसली. आपण ही वाचली की नाही, हे तिला नक्की आठवेना. म्हणून तिने वाचायला घेतली. घर विकायला निघालेल्या दोन बहिणी होत्या, बरी चालली होती. निम्म्यावर आली तेव्हा दोन पानांमध्ये तिला बसचं तिकीट सापडलं. तिच्याच बसचं. तिने हे पुस्तक निम्म्यापर्यंत वाचलं होतं, नव्हे, मागच्या पानांत तिच्याच चहाचा डाग होता, म्हणजे पूर्ण वाचलं होतं. आणि निम्म्यापर्यंत पुन्हा वाचूनही एक ओळ ओळखीची लागली नव्हती.

ती थोडा वेळ तिकीट हातात धरून बसली. दादा पुस्तकं हलवत असेलही. पण तिच्या डोक्यातून ती कोण काढून नेत होतं? टेपेवर भरायला हवं म्हणून ती वाचत गेली होती आणि पुस्तकं टेपेवरच भरली होती, आत काही गेलं नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिने ते पुस्तक उरलेलं अर्धं झरझर वाचलं आणि बाबांच्या हातात देऊन खाली ठेवून घेतलं.

दुकानात तिच्यामागे बरीच कामं होती. आईचाही चष्मा त्यातच होता. वर्षाच्या सुरुवातीला तिने आईला जवळचा चष्मा करून दिला होता, सुईत दोरा जात नाही म्हणून. थोड्या महिन्यांनी आई म्हणाली, नंबर वाढलाय बहुतेक, डोळे दुखतात. धाकटीने तपासलं तर खरंच वाढला होता. नव्या काचा बसवताना तिने आईला दटावलं, की एवढं बारीक शिवण घेऊ नकोस, डोळ्यांचं वाटोळं करशील. आई बरं म्हणाली. ज्या मुलीचं काम दिवसभर लोकांचे डोळे बघायचं, तिने घरातल्या डोळ्यांकडे इतकंच पाहिलं.

असं करत वर्ष संपलं. शेवटच्या रविवारी सगळे धाकटीच्या खोलीत जमले. दादा खिडकीजवळ उभा होता, बाहेरच्या उजेडाकडे मालकाच्या नजरेने बघत. बाबांनी कुलूप उघडलं, टेप लावली.

"दोन विती शिल्लक आहेत," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. मुलगी हरावी असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. त्यांना फक्त कोण ते कळायला हवं होतं.

धाकटी म्हणाली की यातलं एकूण एक पुस्तक तिने वाचलंय, काही तर दोनदा. दादा हसला. बाबांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांच्या मनात निवाड्याचा एक सोपा मार्ग आला होता. त्यांनी वरच्या कप्प्यातून एक पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडून डोळ्यांजवळ धरलं.

"वाचलंयस ना? मग शेवट सांग. हे दोन बहिणींचं. घराचं काय होतं?"

धाकटी आठवायला लागली. तिला बसचं तिकीट आठवलं. चहाचा डाग आठवला. बहिणी दोन होत्या हे आठवलं, कारण ते बाबांनी आत्ताच सांगितलं होतं. घराचं काय झालं, ते मात्र कुठेच नव्हतं. कपाटाकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "वाचलंय. पण नाही आठवत."

दादाने टेबलाच्या दिशेने एक पाऊल टाकलं. तेवढ्यात बोळातून आवाज आला.

"घर विकत नाहीत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई दादाच्या नव्या टेबलावर कापड पसरून बेतत होती. वापरात नसलेलं टेबल नुसतं पडून राहू देणं तिला पटलं नव्हतं. तोंडात टाचण्या होत्या, त्या तिने एकेक काढून कापडाला टोचल्या आणि मग नीट बोलली.

"धाकटी बहीण सही करायला जाते आणि पेनात शाई नाही म्हणून परत येते. शाई असते पेनात. मोठीला ते कळतं, पण ती बोलत नाही. मला वाटतं तिलाही तेच हवं होतं पहिल्यापासून. दुसऱ्यांदा वाचताना कळलं ते."

बाबांनी हातातलं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. पेन होतं, शाई होती, मोठी बहीण गप्प होती.

"तुला काय माहीत?"

"वाचलंय की. हे आत्ता खाली ठेवायचंच होतं, राहिलं. त्याच्या शेजारचं मधमाश्यांचं मात्र वाचायचंय अजून, म्हणून वर ठेवलंय. वाचलेली खाली, न वाचलेली वर, असंच सांगितलं होतं ना तुम्ही?"

"ते हिच्यासाठी सांगितलं होतं," बाबा म्हणाले.

"मी विचारलं होतं तुम्हाला, की सगळ्यांनीच वाचायची का. तुम्ही म्हणालात, घरातला माल आहे, घरानेच संपवायला हवा. मीही याच घरात राहते." ती कापडावर खडूने रेघ मारत होती. "ही वाचून खाली ठेवायची. मी वाचलेलं नसायचं. मग मी वर ठेवायची. माझं झालं की खाली."

तिने कात्री उचलली आणि कापायला घेतलं. बाबा पलंगावर बसले. गोदामातला तपास संपला की ते असेच बसत, फक्त तेव्हा चोर दुसऱ्या बाजूला बसलेला असायचा. त्यांनी एकेक करून विचारायला घेतलं. कुलूप? किल्ली रोज धुवायच्या शर्टाच्या खिशात निघायची, आईने सांगितलं, काढून ठेवली नसती तर केव्हाच गंजली असती. आणि पहारा? "तुम्ही घोरत होतात. एकदा तर तुमच्या डोक्यावरून पुस्तक काढलं मी, तुम्ही म्हणालात, पावती द्या."

"आणि दोरा?" बाबांनी शेवटचं विचारलं. आवाज जरा खाली आला होता. "दोरा हलला कसा नाही?"

"तो हिरवा? मला वाटलं पोरीची खूण आहे. कुणाची खूण हलवू नये. होता तसा परत ठेवायचे, अर्धा आत, अर्धा बाहेर."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"सगळ्यांना विचारलंत. इस्त्रीवाल्यालासुद्धा विचारलंत." आईने कात्री खाली ठेवली. "मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आधी मला कळलंच नाही तुम्ही काय शोधताय ते. कळलं तेव्हा म्हटलं, समुद्रप्रवास तेवढा संपू दे. एकदा कळलं की कोण वाचू देणार होतं निवांत?"

बाबा फरशीकडे बघत राहिले. खोलीतला केर जिच्या हातात, खिशातल्या किल्ल्या जिच्या हातात, दोऱ्याचा डबा जिचा, तिचं नाव संशयितांत घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. गोदामात त्यांच्या हाताखालच्या कुणी अशी चूक केली असती तर त्यांनी त्याला तराजूवरून काढून दारावर बसवलं असतं.

दादाने खाकरून मुद्द्याला हात घातला. झालं ते झालं, पण वरचा कप्पा रिकामा नाही, आणि ठरलं होतं ते ठरलं होतं.

"ठरलं होतं ते मलाही पाठ आहे," आई म्हणाली. "त्या दोन विती माझ्या आहेत. तिच्या नाहीत. तिचं झालंय. माझं होईपर्यंत कपाट हलणार नाही." तिने चष्मा नाकावर सरळ केला आणि बाबांकडे, मग दादाकडे पाहिलं. "आणि माझं झाल्यावर घरात आणखी कोण उरतं?"

बाबांमध्ये एक गुण होता: स्वतःच्या तोंडून गेलेला नियम ते स्वतःसाठी वाकवत नसत. ते उठले. खालच्या कप्प्यासमोर बसले आणि पहिल्यापासून एकेक पुस्तक उचलून पाहू लागले, यातलं आपण कुठलं वाचलंय ते. बराच वेळ पाहिलं. मग ते दादाच्या हातात पुस्तकं देत गेले आणि दादा ती वर रचत गेला. वरच्या कप्प्यात मावेनात तेव्हा कपाटाच्या माथ्यावर थप्पी लागली. खिडकी खालून चार बोटं झाकली गेली. दादाने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि पुढचं पुस्तक घेतलं.

धाकटी उठली. बाबा दोन बहिणींचं पुस्तक आईचं वाचून झालं म्हणून खाली ठेवणार होते. तिने ते त्यांच्या हातातून घेतलं. "हे माझंही वरच," ती म्हणाली. मग बोळात जाऊन आईच्या समोर टेबलाला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात विचारू लागली, मोठी बहीण गप्प का बसते ते. आईने तिला सांगितलं नाही. वाच म्हणाली, टेप न लावता.

टेबल बोळातच राहिलं. अर्ध्यावर नकाशे आणि अर्ध्यावर कापड, असा समझोता झाला. दादाने पहिलं पुस्तक म्हणून कवितांचं सर्वांत पातळ पुस्तक उचललं होतं आणि ते त्याला अजून उलगडत नव्हतं.

बाबांनी मधमाश्यांचं घेतलं, आईचं होताच. दुपारी ते कपाटासमोरच्या त्याच खुर्चीत बसले. दहाएक पानं झाली आणि त्यांचे डोळे मिटू लागले. पुढची पानं चाळताना त्यांना मध्ये हिरवा दोरा दिसला, अर्धा आत, अर्धा बाहेर. बाबा खुशीत आले. म्हणजे आता आपली तपासणी होणार तर, आणि तीही आपल्याच युक्तीने. त्यांनी बोळाकडे कानोसा घेतला. मशीन चालू होतं. मग त्यांनी दोरा अलगद उचलला, तिथली पानं वाचल्यासारखी थोडी दाबून चुरगळली, दोरा खुर्चीखाली टाकून दिला आणि पुस्तक छातीवर उपडं ठेवून निश्चिंतपणे झोपी गेले.

हिरवा दोरा होता तिथून पुढे आणखी दोन प्रकरणं सोडून, पानांच्या अगदी शिवणीजवळ, आईने कागदाच्याच रंगाचा एक पांढरा दोरा घातला होता. तो कुणी शोधलाच नाही.